पाहुण्यांसमोरच पहिल्यांदा

पाहुणे यायचे असले की नवीन काही करायला घेऊ नये, हा सल्ला आपल्याकडे प्रत्येकीला कुणी ना कुणी दिलेला असतोच. आईनं, सासूबाईंनी, थोरल्या जावेनं. हात बसलेलंच करावं, चारचौघांत शोभा नको. मीही बरीच वर्षं तो पाळला. पाहुणे म्हटलं की मसालेभात, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड-पुरी. सगळं वेळच्या वेळी तयार, सगळं ठरल्यासारखं.

त्या सल्ल्याला कारण होतं. साताऱ्याकडे माझ्या माहेरी तूप आणि नारळ या दोन्ही गोष्टी जपून वापरल्या जायच्या. पदार्थ बिघडला म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी वाटणीचं गेलं. आणि कार्यातलं जेवण ही तर प्रतिष्ठेची गोष्ट. विहिणीच्या पंगतीत काय वाढलं, कुठल्या ताटात तूप कमी पडलं, याची उजळणी पुढं कित्येक वर्षं चालायची आणि ती ऐकायची पाळी सुनेवर यायची. त्यामुळं पंगतीचे आचारीसुद्धा वर्षानुवर्षं तोच बेत रांधायचे. अळूची पातळ भाजी, मसालेभात, मठ्ठा, जिलेबी. पाचशे पानं उठवायची असतात तिथं नवं करून बघायला जागाच नसते, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण आता घरी येणारे पाहुणे असतात चार-सहा. ते सुट्टीच्या दिवशी येतात, सवडीनं येतात, आणि खरं म्हणजे जेवायला कमी, भेटायला जास्त येतात. तरी जुनी भीती आपण जशीच्या तशी सांभाळून ठेवली आहे. तिच्यापायी होतं काय, की पाहुणे बाहेर बैठकीत आणि घरातली बाई आत ओट्याशी. गप्पांचे तुकडे तिच्या कानावर पडतात. मधूनच कुणीतरी दारात येऊन ‘काही मदत हवी का?’ विचारतं आणि ती ‘नको नको, झालंच आहे’ म्हणते. कारण खरंच झालेलं असतं. हात बसलेल्या पदार्थात दुसऱ्याच्या हाताला काम उरत नाही.

म्हणून मी आता पाहुणे यायच्या दिवशी मुद्दाम एक तरी न केलेला पदार्थ ठरवते. आधी घरी करून बघत नाही. पाहुण्यांना फोनवरच सांगून ठेवते, की अमुक पदार्थ पहिल्यांदाच करणार आहे, तुमच्यासमोर करणार आहे, हात धुवून आत यायची तयारी ठेवा. याला कुणी अद्यापपर्यंत नाही म्हटलेलं नाही. उलट जे लोक आमच्याकडे संकोचून सोफ्याच्या कडेवर बसायचे, ते ओट्याला टेकून उभे राहतात आणि मनातलं बोलतात.

आता कुठलाही पदार्थ असा करायला घेता येत नाही. अनारशांचं पीठ घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी निथळून कापडावर जेमतेम सुकवायचे, दमट असतानाच दळायचे, गूळ घालून मळायचं आणि पुढं काही दिवस मुरत ठेवायचं. कढईत सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे तुपात पसरून त्याची जाळी सुटली, तर कारण आठवडाभर मागं असतं. गूळ जास्त झाला असेल. थोडी तांदळाची पिठी मिसळून काही अनारसे वाचवता येतात, पण पाहुण्यांसमोर तो खेळ मांडू नये. दम दिलेल्या बिर्याणीचंही तेच. कणकेनं झाकण लावून टाकलं की आत काय चाललंय ते शेवटी एकदाच कळतं, आणि कळतं तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

याउलट घावन, थालीपीठ, धिरडं, आंबोळी. एकेक करून होणारे पदार्थ. पहिलं घावन तव्याला धरतंच, आणि त्यातून कळतं की तवा अजून तापायला हवा किंवा पीठ जरा पातळ करायला हवं. दुसरं सुटतं, तिसऱ्याला जाळी पडते. प्रत्येक घावनानंतर सुधारायची संधी मिळते आणि सगळे ती सुधारणा डोळ्यांनी बघत असतात. माझा निवड करायचा नियम एवढाच, की पदार्थाला मध्येच थांबून चव घेता आली पाहिजे आणि वाट बदलता आली पाहिजे.

आणखी एक नियम आहे, तो मी कधीच मोडत नाही. ज्याच्यामुळं कुणाच्या अंगाला त्रास होऊ शकतो अशा वस्तूवर पाहुण्यांसमोर शिकायचं नाही. पावसाच्या तोंडावर बाजारात शेवळं ही रानभाजी येते. चवीला अप्रतिम, पण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ठाणे-रायगडकडच्या बायका शेवळांचा नको तो भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडं नावाची आंबट फळं घालतात, तेव्हा ती खाजत नाही. हे ज्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय तिथंच बसून शिकावं. बाकीच्या रानभाज्यांचं, अळंब्यांचंही तसंच. शिवाय पाहुण्यांपैकी कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला साखर आहे, कुणाचा उपास आहे, हे आधी विचारून घ्यावं. आणि वरण-भात, एक भाजी, ताक एवढं तरी सकाळीच करून झाकून ठेवावं. पोटभर जेवणाची सोय आधीच झालेली असली की नव्या पदार्थावर कुणाचीच भूक टांगून राहत नाही, सगळ्यांना त्याच्याकडे निवांत बघता येतं.

यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते शिरवाळ्यांचं उदाहरण.

माझ्या लेकीचं सासर मूळचं मालवण तालुक्यातलं, आता डोंबिवलीला. लग्नानंतर व्याही-विहीणबाई पहिल्यांदा आमच्याकडे पुण्याला राहायला यायचे होते. श्रावणातला रविवार. घरातल्या सगळ्यांचं म्हणणं, पुरणपोळी कर. पुरणपोळीला माझा हात आहे, हे खरं. पण लेकीकडून मी ऐकलं होतं की तिच्या सासूबाईंना शिरवाळे फार आवडतात आणि त्यांनी ते कित्येक वर्षांत केलेले नाहीत. मी तर कधी खाल्लेलेही नव्हते. आमच्या देशावर शेवया गव्हाच्या, वाळवून ठेवलेल्या. तांदळाच्या ताज्या, ओल्या शेवया नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या, ही कल्पनाच मला नवी होती.

मी लेकीला म्हटलं, त्यांना सांग, शिरवाळे करणार आहे, माझी पहिलीच वेळ आहे, त्यांच्याच मदतीनं करणार आहे. ती घाबरली. ‘आई, त्यांचाच पदार्थ त्यांच्यासमोर?’ मला मात्र तेच बरोबर वाटत होतं. त्यांचा पदार्थ मी आधी गुपचूप शिकून, सराव करून त्यांच्यापुढं ठेवला असता, तर त्यांनी कौतुक केलं असतं आणि गोष्ट तिथंच संपली असती.

कृती मी इकडून तिकडून जमवली होती. तांदळाच्या पिठीची उकड काढायची, मळायची, तिचे मुटके वळून उकळत्या पाण्यात सोडायचे, ते वर तरंगले की गरम असतानाच शेवग्यातून, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यातून, दाबायचे. पीठ-पाणी बरोबरीनं, मीठ चवीला, तुपाचा एक चमचा. वाचायला चार ओळी. आपल्याकडे छापील पाककृती बऱ्याच जुन्या आहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० मधलं, आणि १९७० मध्ये आलेल्या ‘रुचिरा’त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याचं माप देऊन लाखो नवख्या हातांना धीर दिला. मापाचा प्रश्न त्यामुळं पुष्कळ सुटला. पण मुटका आतपर्यंत शिजला हे कसं ओळखायचं, किती गरम म्हणजे गरम, हे कागदावर उतरवणं अवघडच. ते बघून आणि हात लावूनच कळतं.

पहिला प्रश्न तांदळाचा निघाला. माझ्याकडे इंद्रायणीची पिठी होती. विहीणबाईंनी चिमूटभर बोटांत घेऊन चोळली, वास घेतला. ‘वास बरो आसा, पण हो चिकट,’ त्या म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. इंद्रायणी मावळातला, आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेला, मऊ आणि चिकट भाताचा तांदूळ. भाताला तो उत्तम, पण शिरवाळ्यांचे पदर सुटे राहायला हवे असतील तर मोकळा शिजणारा तांदूळ लागतो. त्यांच्याकडे गावचा वालय किंवा सोरटी वापरतात. मी डबे उघडले, त्यात कोलमची पिठी सापडली. त्यांनी दोन्ही मिसळायला सांगितल्या, कोलम जास्त, इंद्रायणी थोडी. हा निर्णय कुठल्याच कृतीत नव्हता. माझ्या ओट्यावर, माझ्या डब्यांत जे होतं त्याकडे बघून त्यांनी तो घेतला.

उकड मी काढली, मळली त्यांनी. हाताला पाणी लावत, तळव्याच्या मुळानं रेटत, चटके सोसत. मुटके मुठीत दाबून वळले, बोटांचे ठसे तसेच ठेवले. पातेल्यात पाणी खळखळत होतं, त्यात ते सोडले. तळाशी गेले आणि थोड्या वेळानं एकेक वर यायला लागला. मी झारा घेतला. वर आला म्हणजे झाला, असं माझ्या कागदावर होतं. विहीणबाईंनी एक काढायला लावला आणि सुरीनं मधोमध चिरला. बाहेरून काचेसारखी झाक आली होती, पण नेमक्या मध्यभागी वाटाण्याएवढा पांढरा, कोरडा ठिपका होता. तिथं पीठ अजून पीठच होतं. ‘ह्यो डोळो जावूक व्हयो,’ त्या म्हणाल्या. मुटके परत पाण्यात. पुन्हा एक चिरला, ठिपका लहान झालेला. त्यानंतरचा चिरला तेव्हा सगळा एकसारखा, ओलसर, पारदर्शक. अख्खं घर त्या चिरलेल्या मुटक्यावर वाकून बघत होतं, जावईसुद्धा.

कोकणात शेवगा लाकडी असतो, पायांवर उभा, मध्ये जाळी आणि वरून दाबायला दांडा. त्यावर दोघांचा जोर लागतो. माझ्याकडे चकलीचा पितळी सोऱ्या, फिरवायच्या मुठीचा. त्याला बारीक शेवेची ताटली लावली. आतून तूप लावलं, मुटका घातला, फिरवायला लागले तर मूठ जागची हलेना. इथं व्याही उठले. ते आयुष्यात कधी स्वयंपाकघरात शिरले नव्हते, हे मला लेकीनं आधीच सांगितलं होतं. त्यांनी बनियनच्या वर टॉवेल खांद्यावर टाकला, सोऱ्या कापडात गुंडाळून धरला आणि मूठ फिरवली. खाली केळीच्या पानावर शिरवाळे पडायला लागले. पहिले तुटक, पुढं सलग, मऊ, पांढऱ्या लडी. विहीणबाई पान गोल फिरवत होत्या आणि मागून घाई करत होत्या, ‘गरम आसतानाच दाबूक व्हये, थंड झाले की येवचे नाय.’

हे का, ते मी नंतर शोधून काढलं. तांदळातला स्टार्च पाण्यात शिजताना फुगतो आणि मऊ होतो. निवायला लागला की त्याच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात आणि घट्ट होतात. शिळा भात कडक होतो त्याचं कारणही तेच. म्हणजे पाण्यातून काढलेला मुटका आणि थंड मुटका यांच्यात मोजकी मिनिटं असतात, आणि त्या मिनिटांत एकानं काढायचं, एकानं भरायचं, एकानं दाबायचं, एकानं पान फिरवायचं. एकट्या बाईचं हे काम नाही. विहीणबाईंनी इतकी वर्षं शिरवाळे का केले नव्हते, हे मला तेव्हा उमगलं. डोंबिवलीच्या घरात मुलगा आणि नवरा सकाळच्या लोकलनं जाणारे, त्या एकट्या. गावाकडे सासूबाई, जावा, नणंदा असायच्या. दांड्यावर जोर द्यायला एखादा दीर सापडायचा. त्या म्हणाल्या, ‘हाताखाली माणसं होती तेव्हा सणाचं वाटायचं. एकटीनं करायचं तर कशाला?’

मी घरी आधी करून बघितलं असतं तर मीही एकटीच असते. मुटका कच्चा राहिला असता, सोऱ्या फिरला नसता, आणि हा पदार्थ आपल्याला जमणारा नाही असं ठरवून मी पुरणपोळीकडे वळले असते. माझा न करून बघण्यावर एवढा भर का आहे, त्याचं खरं कारण हे. पुष्कळसे जुने पदार्थ चार माणसं घरात आहेत हे धरूनच घडलेले आहेत. पापड, कुरडया, सांडगे, मांडे. एकटीनं केलेला सराव त्या पदार्थाला पुरत नाही. पाहुणे आले की घरात माणसं येतात, म्हणजे ते पदार्थ करायची योग्य वेळ तीच.

रसाचं काम त्या मानानं सोपं, पण तिथंही एक गोष्ट मी डोळ्यांनी शिकले. नारळ खवून वाटायचा, पिळून पहिला दाट रस वेगळा ठेवायचा. मग पाणी घालून दुसरा पातळ रस काढायचा. मी दोन्ही एकत्र करून गूळ घालून गॅसवर ठेवणार, तेवढ्यात विहीणबाईंनी माझा हात धरला. नारळाच्या रसातलं तेल त्यातल्या प्रथिनांच्या आधारानं पाण्यात तरंगत असतं. उकळी आली की तो आधार सुटतो आणि रस फुटतो. त्यात गूळ थोडा आंबटसर, तो आणखी हातभार लावतो. त्यांनी गूळ पातळ रसात नुसत्या कोमट आचेवर विरघळवला, गाळला, खाली उतरवला आणि मग दाट रस ओतला. वर वेलदोड्याची पूड आणि मिठाची कणी. त्या मिठाच्या कणीनं गोडवा कसा उठतो, हे चाखल्याशिवाय पटत नाही.

आणि मग जेवणाची रीतच मोडली. शिरवाळे गरम खायचे, म्हणून जो घाणा निघेल तो लगेच वाटीत. दाबणारे व्याही घामाघूम, त्यांना लेकीनं उभ्याउभ्याच पहिली वाटी दिली. दुसरी विहीणबाईंना. तिसरी माझ्या हातात आली. आमच्याकडे पाहुण्यांचं झाल्याशिवाय घरातल्या बायका ताटावर बसत नाहीत. आधी पुरुष आणि मुलं, मग पाहुण्या बायका, शेवटी वाढणाऱ्या, आणि तोवर पोळ्या गार झालेल्या असतात. मी माझ्या आईला कधी गरम पोळी खाताना बघितलेलं नाही. ती हे आनंदानं करायची असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. गरम खाणं सगळ्यांनाच आवडतं. त्या दिवशी पाहुणी आणि यजमानीण एकाच वेळी, एकाच ओट्याशी, एकच गरम पदार्थ खात उभ्या होत्या. हे घडवून आणायला मला कुणाशी वाद घालावा लागला नाही. पदार्थानंच ते घडवलं.

विहीणबाईंनी दोन घास खाल्ले, वाटीत बघितलं आणि म्हणाल्या, शिरवाळे थोडे जाड झालेत, गावाकडे याहून बारीक असतात, पण रस बरोबर आहे. मला हे शब्द फार मोलाचे वाटले. तयार ताट पुढं ठेवलं असतं तर त्यांनी ‘छान झालंय’ म्हटलं असतं. पाहुण्यानं म्हणायचं ते. स्वतःच्या हातानं मळलेल्या पिठाबद्दल माणूस खरं बोलतो. त्या दुपारनंतर आम्ही एकमेकींना अमुक आवडलं, अमुक नाही आवडलं, हे सरळ सांगू लागलो, आणि व्याह्यांच्या नात्यात हे किती दुर्मीळ असतं ते ज्यांच्या घरी लग्नं झाली आहेत त्यांना माहीत आहे. लेकीला याचा किती उपयोग झाला असेल, ते ती कधी बोलली नाही, पण पुढच्या वेळी ती सासूबाईंबरोबर आली तेव्हा दोघींनी मिळून बारीक भोकांची ताटली शोधून आणली होती.

उरलेले शिरवाळे सकाळपर्यंत घट्ट झाले होते. विहीणबाईंनी ते बोटांनी सोडवले, तेलात मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता घालून त्यावर परतले, वर पाण्याचा हबका देऊन एक वाफ काढली आणि ओलं खोबरं घातलं. नाश्त्याला तेच. व्याही म्हणाले, त्यांना रसातल्यापेक्षा हेच जास्त आवडतात. ही गोष्ट त्यांच्या बायकोलाही नवी होती.

पुढच्या महिन्यात माझी जळगावची मैत्रीण चार दिवस राहायला येते आहे. तिला सांगून ठेवलं आहे, येताना मांडे भाजायचं मातीचं खापर घेऊन ये, मांडे करू. कणीक वस्त्रगाळ करायची, सैलसर तिंबायची आणि पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत रुमालाएवढा मोठा करत न्यायचा, एवढंच मला ठाऊक आहे. उपडं खापर गॅसच्या शेगडीवर सगळीकडून सारखं तापेल का, याची तिला शंका आहे. मी विहीणबाईंनाही बोलावलं आहे. त्यांनीही मांडे कधी केलेले नाहीत, आणि व्याह्यांनी विचारलंय की त्यांना काय काम आहे.